डाव्या काडीवरचा दोरा

४ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत असं सांगितल्यावर तू तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीकडे जाऊन डॉक्टरांचीच तक्रार करून आलीस, हे वाचून आईला इतकं हसू आलं की हातातला चहा तिला खाली ठेवावा लागला. ती मजेत आहे. मी अजून पाणीपुरवठा खात्यात नकाशेच काढतो आहे, आणि आमचे साहेब अजून माझी पेन्सिल आपली समजून खिशात घालतात.

आता खरी बातमी. शहरामागच्या टेकडीत बोगदे खणून लढाईच्या काळात आत कारखाना चालवायचे, हे तुला आठवत असेल. तू तेव्हा इथंच राहत होतीस. शेवटी शेवटी स्फोटात त्याचं तोंड कोसळलं आणि मग ते कुणी उकरलं नाही. गेल्या महिन्यात खात्यासाठी एक जुना नाला मोजताना मला एक गंजलेली जाळी दिसली आणि पलीकडून गार वारा येत होता. रविवारी सकाळी मी आणि लांब्या (फोटो स्टुडिओतला माझा मित्र, तुझ्या दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेतलेला) आत शिरलो. वीसेक पावलं पोटावर सरपटत जावं लागलं. लहानपणी कपाटामागे सापडायचो म्हणून तू मला उंदीर म्हणायला लागलीस, ते नाव सार्थकी लागलं म्हण.

आत लेथ मशिनं रांगेत उभी आहेत, खुंट्यांवर कोट तसेच लटकले आहेत. आणि अगदी शेवटच्या खोलीत माणसं आहेत, मावशी. म्हणजे हाडं. नऊ जण, भिंतीशी. आधी आम्ही दोघं दारातच थांबलो. मग जरा वेळाने सवय होते. लांब्याने बरेच फोटो काढले. मी एकच वस्तू आणली, एक चष्मा. एक काच शाबूत आहे आणि मोडलेल्या काडीवर कुणीतरी इतका सुबक दोरा गुंडाळलाय की बघत राहावं. माझ्या टेबलावर शाईच्या बाटल्यांशेजारी ठेवलाय. नगरपालिकेला कळवायचंच आहे, पण लांब्याच्या क्लबाचं फोटोप्रदर्शन होऊन जाऊ दे. नंतर ते कुलूपच लावतील.

आईचा नमस्कार. रागावू नकोस, आणि आहे तो लोभ थोडा वाढव.

तुझा,
उंदीर


१० मार्च

चि. उंदरास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोटावर सरपटायचं तुझं वय राहिलेलं नाही. बत्तीस वर्षांचा घोडा झालास. सदऱ्याची कोपरं फाटली असतील आणि ती आईच्या गळ्यात मारली असशील. माझा गुडघा ठीक आहे. शेजारीण रोज विचारते, आणि मी बरं आहे म्हटलं की तिला वाईट वाटतं.

एक विचारायचं होतं. चष्म्याच्या काडीवर दोरा आहे म्हणतोस, तो कोणत्या काडीवर? रंग कोणता? शेवटी गाठ मारली आहे, की टोक वेढ्यांखालून ओढून घेतलं आहे? नकाशा काढताना बघतोस तसं बघून लिही. आईपाशी यातलं काही बोलू नकोस.

उलट टपाली लिही. चष्मा पुसू नकोस.

तुझी,
मावशी


१३ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे भिंगाखाली धरून बघितलं. दोरा डाव्या काडीवर आहे. वरून मातकट दिसतो, पण एक वेढा जरा सरकवला तर आत निळाशार आहे. वेढे अठरा. गाठ नाही, टोक खालून ओढून घेतलंय. पुसू नकोस म्हणालीस खरी, पण आणल्या दिवशीच मी तो साबण लावून धुतला होता.

शर्टांच्या कारखान्यात जन्म गेला म्हणून तुला दोऱ्याचं एवढं कौतुक, असं मी आपलं समजतो. हवा असला तर पार्सलने पाठवतो, काचेच्या कपाटात मांडून शेजारणीकडून तिकीट घे.

उत्तराची वाट बघणारा,
उंदीर


१७ मार्च

चि. उंदरास,
अ. उ. आ.

पाठवू नकोस. तो दोरा मी गुंडाळला आहे.

तुला एक काका होता. माझा नवरा. तुला एवढंच सांगितलं गेलं की मावशीचं लग्न टिकलं नाही. ते त्या बोगद्यात लेथवर होते, वय तेहेतीस. एका गुरुवारी चष्म्यावर स्टूल पडलं आणि काडी मोडली. लढाईत चष्म्याचं दुकान कुठलं उघडं असायला. मी तेव्हा गणवेशांना बटणं लावायची, पिशवीत निळा दोरा होता. गाठ कानामागे टोचेल म्हणून टोक खालून ओढून घेतलं.

पुढच्या सोमवारी दुपारी पावणेतीनला टेकडी हादरली. आम्ही सगळ्या बायका धावत गेलो. मॅनेजर एका खोक्यावर उभा होता. त्याने सांगितलं की आतली सगळी माणसं मागच्या तोंडाने बाहेर पडली, लॉरीने दुसऱ्या कारखान्यात पाठवली आहेत. त्याच्या यादीत ह्यांचं नाव होतं, पुढे लाल पेन्सिलीची खूण. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने मला ती खूण दाखवली. यादी पूर्ण आहे म्हटल्यावर उकरायला कोण जाणार.

लॉरीतून गेलेले बरेच जण महिनाभरात परतले. हे आले नाहीत. कॅन्टीनमध्ये काम करणारी एक बाई होती, तीही त्याच सोमवारपासून दिसेनाशी झाली होती. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. तुझ्या आजोबांनी विश्वास ठेवला, आणि मीही ठेवला. त्यात ते निदान जिवंत राहत होते. मी त्या बाईच्या बंद दारापुढे उभी राहून तिला नाही नाही ते बोलून आले. मग ते शहर सोडलं. फोटो जाळले. तुझी आई एकोणीस वर्षांची होती, तिच्याकडून वचन घेतलं की घरात नाव काढायचं नाही. एकेचाळीस वर्षं मी त्यांना मनात 'तो' म्हणत आले. आजपासून पुन्हा 'ते' म्हणायला लागले आहे, तेही जिभेला जड जातं.

नगरपालिकेला आजच्या आज कळव. प्रदर्शनाचं मला काही सांगू नकोस. आणि मला नीट लिही, तू तो चष्मा कोणाजवळून उचललास. नवांपैकी कोणाजवळून. मला बाकी काही नको, ते कोण एवढं कळू दे.

मावशी


२४ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

काय लिहू. पत्र वाचलं त्याच दुपारी कळवलं. पोलीस येऊन गेले, मग हाडं तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. कमी बोलतात. त्यांनी कागदावर खोली काढली, नऊ गोल काढले, आणि विचारलं की चष्मा कुठे होता. मी म्हणालो, चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये. लांब्या म्हणाला, दाराजवळ, सातव्यापाशी. जमिनीवर होता की कपड्यावर, असं त्यांनी विचारलं. मला आठवेना. त्या म्हणाल्या की या माणसांपाशी आपलं नाव सांगायला काहीच उरलं नव्हतं, कुठली वस्तू कुणाजवळ पडली आहे एवढंच होतं, आणि तेवढंही तुम्ही उचलून आणलंत. मावशी, नाल्याचं झाकण मी नकाशात बोटभरही इकडचं तिकडे दाखवत नाही. इथे मी एक टेपसुद्धा काढली नाही.

वयाने आणि उंचीने काकांशी जुळतील असे चार जण आहेत. त्यापुढे सांगता येणार नाही, असं त्या म्हणतात. नवांत आठ पुरुष आहेत आणि एक बाई. तुला काय वाटेल मला कळतंय, पण लपवून चालणार नाही.

आणखी एक आहे. सरकारी कागदावरून तुला कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. भिंतीवर खडूने रेघा मारल्या आहेत, दिवस मोजल्यासारख्या. अकरा आहेत.

आईला सगळं सांगितलं. चष्मा टेबलावरून उचलून तिने आपल्या कपाटात ठेवला. तेव्हापासून ती मला जेवायला वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. लांब्याला उगाच फोटो काढायची हौस, त्यानेच वस्तू इकडच्या तिकडे केल्या असणार. तू येणार असशील तर स्टेशनवर घ्यायला येतो.

तुझा,
उंदीर


१९ एप्रिल

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

मी येऊन गेले. तुमच्या घरी न थांबता परस्पर गाडीत बसले, आईला गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं कारण तुला लिहिते.

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं की फाइल बघायची तयारी आहे का. मी हो म्हटलं. त्यात फोटो होते. तुझ्या मित्राने सगळेच्या सगळे आणून दिले होते, न मागता. प्रदर्शनातूनही काढून घेतले म्हणे. एक फोटो बाई चटकन उलटा ठेवायला गेल्या, पण मी तो बघितला. एका कवटीवर चष्मा चढवला आहे, आणि तो घसरू नये म्हणून कुणीतरी दोन बोटांनी हनुवटीखालून आधार दिला आहे. माणूस चित्रात नाही, हात आहे. करंगळी वाकडी.

सातव्या वर्षी माझ्या दारात ती करंगळी सापडली तेव्हा मी तुला उचलून दवाखान्यात पळाले होते. महिनाभर मी तिला पट्टी बांधत होते. मला ती ओळखायला भिंग लागत नाही.

तू लिहिलंस की वस्तू तुझ्या मित्राने हलवल्या.

बाईंना मी विचारलं, ही कवटी कोणाची. त्या म्हणाल्या, वयस्कर माणसाची, साठीच्या पुढची. म्हणजे ते नव्हेत. तेवढं एक झालं.

मावशी


२४ एप्रिल

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

हो, हात माझा आहे. कल्पनाही माझीच. लांब्या आधी नको म्हणाला होता, मीच त्याला भित्रा म्हणालो.

आम्ही घाबरलो होतो, घाबरलेली माणसं असं काहीतरी करतात, असं मी आधी लिहायला घेतलं होतं. तो कागद फाडला. भीती पहिल्या दहा मिनिटांत गेली होती. मला गंमत वाटली. ती कुणाची तरी माणसं असतील, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि तुझं पत्र आल्यावर ते लांब्यावर ढकलावंसं वाटलं, तेही मीच लिहिलं.

बाईंना खोलीचा मापाबरहुकूम नकाशा हवा होता. मी खात्यातून रजा काढून तो करतो आहे. रोज सकाळी आत जातो, प्रत्येक हाड, प्रत्येक बटण मोजून कागदावर आणतो. त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. याने काही भरून येणार नाही हे मला कळतं, म्हणून ते सांगून तुझ्याकडून काही मागत नाही.

त्यांना टेकडीच्या पायथ्याशी जमिनीत ठेवायचं ठरलं आहे, एकोणतीस मेला. मी तिथे यावं की येऊ नये, तू म्हणशील तसं.

तुझा,
भाचा


२ जून

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

यावं की येऊ नये याचं उत्तर मी दिलं नाही आणि तू आलास. मागे नालीपाशी उभा होतास, मी बघितलं. पुढे आला नाहीस ते बरं केलंस. मी बोलले नसते.

तिथे काय झालं ते तुला लांबून दिसलं नसेल. नऊ पेट्या होत्या. घरची माणसं म्हणून आम्ही तिघीच आलो होतो, बाकीच्यांच्या कुणी उरल्याच नाहीत. एकीला नवऱ्याची पेटी कळली, त्यांचा एक पाय लहानपणापासून आखूड होता. ती तिथे बसली. माझ्यासमोर चार पेट्या ठेवल्या. चारही तितक्याच लांब, तितक्याच रुंद. मी चारींवर हात ठेवला. चौघांपैकी तिघे परके होते, पण कुठले तिघे ते मला माहीत नव्हतं, म्हणून कुणावरचाही हात लवकर काढता येईना.

मग कारकून एक कागद घेऊन आला. बाईची पेटी एकच होती, तिच्याबद्दल शंका नव्हती. तिचं नाव कॅन्टीनच्या जुन्या वहीत सापडलं होतं. पण खाली ठेवताना घरच्या कुणाची तरी सही लागते आणि तिचं कुणीच सापडलं नाही. नुसती रेघ मारून पुढे जाऊ का, असं तो डॉक्टरीणबाईंना हळूच विचारत होता. मला ऐकू आलं.

त्या अकरा दिवसांत मी काय काय केलं ते मी इथे घरी बसून आठवून बघितलं. तिच्या दारापुढे उभी राहून तिला बोलले तो सातवा दिवस होता. ती तेव्हा आत जिवंत असेल. तेही असतील. तिने त्यांना घोटभर पाणी दिलं असेल, त्यांनी तिला कोट दिला असेल, किंवा काहीच झालं नसेल. मला कळायचा आता मार्ग नाही.

मी कारकुनाकडून पेन घेतलं आणि सही केली. नातं काय लिहू, त्याने विचारलं. बहीण लिही म्हटलं. त्याने लिहिलं. पहिली मूठ माती मी तिच्यावर टाकली.

चष्मा तुझ्या आईकडून मी मागून घेतला होता. चार पेट्यांपैकी कुठल्यात ठेवायचा ते ठरवता येईना. चुकीच्या माणसाला तो दुसऱ्यांदा चढवायचा नव्हता. परत घेऊन आले.

तुझा नकाशा बाईंनी दाखवला. स्वच्छ आहे. मार्चमध्ये केला असतास तर मी एका पेटीपाशी बसले असते.

तुझ्या आईशी मी बोलले, ती आता तुझ्याशी बोलेल. तिचा यात काही दोष नाही, वचन मी घेतलं होतं. सुट्टीत यायचं असलं तर ये. मागच्या खोलीत गादी घालीन, जेवायला करीन. त्या दिवसांबद्दल मला काही विचारू नकोस, आणि माफीचं काही बोलू नकोस.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तो आहे, बहिणीच्या मुलावर असतो तेवढा. सध्या त्याच्याकडे काही मागू नकोस.

मावशी