सकाळचं पहिलं पाणी

५ जानेवारी, रविवार

टँक गळत नाही. चोवीस तास वर्तमानपत्रावर भरून ठेवला होता, कागद कोरडा. शंभर लिटर, कुणीतरी वापरून टाकलेला, एका कोपऱ्यात ओरखडा. माझ्या खोलीत, खिडकीपासून लांब.

स्टँड बाबांनी बसवला. पाणसळ घेऊन आले, तीनदा लावून पाहिली, एका पायाखाली पत्र्याची चकती सारली. मी म्हटलं, एवढं चालेल. "चालेल म्हणणारेच पुढे फडकं घेऊन पाणी पुसत बसतात." चाळीस वर्षं नळकाम केलेला माणूस. वाद घातला नाही.

८ जानेवारी, बुधवार

वाळू सात वेळा धुतली. सातव्या वेळी पाणी स्वच्छ आलं.

पाणी वरच्या स्वयंपाकघरातून आणलं, ते माझ्या खोलीला लागूनच आहे. वरच्या मजल्यावर पाणी नीट चढत नाही. म्हणून दीड वर्षापूर्वी, वहिनीला दिवस गेले तेव्हा, बाबांनी तिथल्या भिंतीवर तांब्याची टाकी बसवली; वरचा नळ तिच्यातूनच येतो. तीस लिटर. पत्रा कापण्यापासून सांधे डाग देऊन जोडण्यापर्यंत सगळं स्वतः. दादा प्लास्टिकची आणणार होता. "माझ्या नातवंडाला प्लास्टिकमधलं पाणी?" – त्यावरून बापलेक महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

टाकी देखणी आहे, हे मात्र कबूल.

१२ जानेवारी, रविवार

मासे अजून नाहीत. आधी पाण्यात जिवाणू वाढावे लागतात, माशांची घाण पचवणारे. तीन आठवडे तरी. रोज पाणी तपासायचं आणि वाट पाहायची. मला हे जमतं.

दादा दारात उभा राहून पाहत होता. "तू नुसतं पाणी पाळलंयस?"
हो म्हटलं.
"चावत नाही ना?"

१९ जानेवारी, रविवार

पाण्यातलं विषारी नायट्राइट उतरायला लागलं. आलेख छान आहे. कुणाला दाखवण्यासारखा नाही.

२६ जानेवारी, रविवार

नायट्राइट शून्य. मासे आणले.

दुकानदाराने आधी रंगीत दाखवले. मी मागच्या अंधाऱ्या टाकीतला मागितला. बोटाएवढा, करडा, हनुवटीला सोंडेसारखं टोक. "हा? ताई, हा कुणी नेत नाही. दिवसभर लपून बसतो. लोकांना फिरणारं, चमकणारं काहीतरी हवं असतं." मला माहीत होतं तो काय आहे. शेपटीजवळ वीज तयार करतो, अगदी थोडी, आणि तिच्यावरून आसपासचं ओळखतो. दिसण्याची त्याला फारशी गरज नाही.

सोबत दोन लहान मिशीवाले, पोट वर करून पोहणारे. मी दोनदा पाहिलं तर म्हणाला, "आजारी नाहीत हो. त्यांची पद्धतच तशी."

२८ जानेवारी, मंगळवार

दोन तारा पाण्यात सोडल्या, ॲम्प्लिफायर जोडला, बाबांच्या खोक्यातला जुना स्पीकर लावला. टक टक टक टक. मासा दगडाआड, आवाज खोलीभर. मीटरवर मोजलं: शांत असताना सेकंदाला आठ.

घरातले सगळे येऊन ऐकून गेले. वहिनीच्या कडेवर ठकी – माझी पुतणी, सात महिन्यांची – रडता रडता थांबली. वहिनीने माशाला सोंड्या म्हणायला सुरुवात केली आहे. मी नावं ठेवत नाही. पण वहीत आता 'मासा क्रमांक एक' लिहिणं विचित्र वाटतं.

बाबा सगळ्यात जास्त वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "पंपाचा पंखा घासतोय कुठेतरी."

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला पाणीबदल. सकाळी उठल्याबरोबर वीस लिटर काढलं, वीस घातलं. क्लोरीन घालवलं, तापमान जुळवलं. सोंड्या: आठवरून तीन. मधेच पूर्ण बंद. नवीन पाण्याला बुजला असेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसातून आल्यावर बदल, तेवढाच. आठवरून आठ. काहीच झालं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बदल. आठवरून दोन. उलट्या पोहणाऱ्यांपैकी एक सुलटा पोहतो आहे. त्याच्या बाबतीत ही वाईट खूण.

आम्लता, क्लोरीन, अमोनिया, नायट्राइट – सगळं ठीक. धातू तपासले नाहीत. शहराच्या पाण्याच्या अहवालावर दर महिन्याला प्रयोगशाळेतर्फे माझी सही असते. त्यात धातूंचा रकाना आहे. तो मला पाठ आहे, दर वेळी स्वच्छ.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी बदल. आठच. म्हणजे सोंड्याला रविवार आवडत नाही. हे कारण वहीत लिहिता येत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटी वरच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा नमुना प्रयोगशाळेत नेला. नियमाप्रमाणे: नळ सात मिनिटं पूर्ण सोडला, मग बाटली भरली. नवीन आलेल्यांना हे मीच शिकवते – आधी साचलेलं जाऊ द्या, मग घ्या, नाहीतर तुम्ही शहराचं पाणी नाही, त्या घराचे नळ तपासाल.

दुपारी आकडे आले. तांबं नगण्य, शिसं नाही, काहीच नाही. मोठ्या बाई, माझ्या वरिष्ठ, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तक्रारदाराचं नाव काय लिहू? मासा?"

बरं वाटलं. सही बरोबर आहे. चूक माशाची.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बदल. सेकंदाला दोन. सुलटा झालेला दुपारी मेला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी लवकर उठले. स्वयंपाकघरात वहिनी पातेलं भरत होती. म्हटलं, एवढ्या लवकर?

"ठकीच्या दुधाचं पाणी. सगळ्यांच्या आधी भरून घेते, मग उकळते. रात्रभर टाकीत राहून छान निवळलेलं असतं. एकदा तुम्ही लोक उठून नळ सोडायला लागलात की सगळं ढवळून निघतं."

रात्रभर टाकीत. रविवारी सकाळी मी तेच माशांना घालत होते. बुधवारी संध्याकाळी नाही, तोपर्यंत दिवसभराच्या वापराने टाकीतलं पाणी चारदा बदललेलं. आणि नमुना घेताना मी सात मिनिटांत तीसच्या तीस लिटर मोरीत सोडून दिले, मग जे आलं ते शहराचं स्वच्छ पाणी बाटलीत भरलं. नियमाप्रमाणे.

वहिनीला म्हटलं, आजपासून हे नको, खालच्या नळाचं घे.
"का?"
तपासणी चालू आहे.
"कसली?"
कळल्यावर सांगते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पातेलं मोरीत ओतलं. पुढे काही विचारलं नाही. मी तिच्या जागी असते तर विचारलं असतं.

ठकी दोन महिन्यांपासून बाटलीवर आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सगळ्यांच्या आधी उठून टाकीतलं पहिलं पाणी बाटलीत घेतलं. प्रयोगशाळेत नाव लिहिलं नाही, फक्त 'घर, सकाळ'.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शिसं बासष्ट. मर्यादा दहा. तांबंही भरपूर, पण प्रश्न शिशाचा आहे.

मोठ्या बाईंनी आकडा पाहिला, थट्टा केली नाही. "घरात लहान कुणी आहे?" – हो. "मग रक्त तपासून घ्या. पाणी उकळून काही उपयोग नाही, उकळल्याने शिसं जात नाही." मला माहीत आहे, म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. तरी सांगितलं."

तांब्याच्या पत्र्यात शिसं नसतं. डागात असतं. कथील आणि शिसं, निम्मंनिम्मं – जुनी तार. बाबांनी निवृत्तीच्या वेळी तिची दोन रिळं घरी आणली होती. नवी बिनशिशाची तार त्यांना पटत नाही. "धरत नाही ती. थुंकीने चिकटवल्यासारखं काम."

२२ फेब्रुवारी, शनिवार

टाकी गळते असं सांगून उतरवावी, असा विचार केला. पण गळते म्हटलं की बाबा ती दुरुस्त करणार, आणि त्याच तारेने. शिवाय ठकीचं रक्त काढायचं तर दादाला कारण सांगावं लागेल. दादाला कारण कळलं की तो बाबांना जे बोलेल, ते गेली वीस वर्षं तोंडाशी धरून आहे.

खोटं तपासून पाहिलं. टिकत नाही.

बाबा जिन्याखालच्या त्यांच्या कोनाड्यात होते, शेजाऱ्यांच्या बंबाला डाग देत होते. कागद पुढे ठेवला. त्यांनी तो लांब धरून वाचला.

"पाणी कुठलं?"
टाकीतलं. सकाळचं पहिलं.
"आधी सोडलं नाहीस?"
नाही.
"सोडायला पाहिजे. तूच शिकवतेस ना लोकांना?"
ठकीचं पाणी कुणी सोडत नव्हतं, बाबा.

ओरडतील असं वाटलं होतं. मी एक पाऊल मागे सरकलेही होते – लहानपणापासूनची सवय. ते ओरडले नाहीत. डाग देण्याचं यंत्र बंद केलं. तारेचं रीळ उचलून हातात घेतलं.

"शाळेत सगळीकडे हीच वापरली. त्या मोठ्या दवाखान्यात पण." मग, "जा तू."

२३ फेब्रुवारी, रविवार

टाकी उतरवली. एकट्याने. मी धरायला गेले तर, "सर बाजूला." खाली नेऊन करवतीने मधोमध कापली, कुणी पुन्हा लावायला नको म्हणून. सांधे आतून राखाडी, जाड. मला नमुना हवा होता. मागितला नाही.

जेवताना स्वतःच म्हणाले. "टाकीत शिसं होतं. मी घातलेलं. पोरीचं रक्त तपासून घ्या."

दादाचा घास हातात राहिला. "मी तेव्हाच म्हणालो होतो." बाबा म्हणाले, "म्हणाला होतास." दादाने पुढचं सगळं तयार ठेवलं होतं, ते त्याला बोलता आलं नाही. ताट तसंच ठेवून ठकीला उचलून वर गेला. वहिनी बसून राहिली. मग तिने बाबांना वाढलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ठकीचं रक्त दिलं. सुई बघून दादा बाहेर गेला, मी धरलं. ठकीने माझं बोट इतकं घट्ट पकडलं की नंतर वळ दिसत होते.

१ मार्च, शनिवार

दादा बाबांशी बोलत नाही. बाबा खोलीत आले की तो उठतो. ठकीला त्यांच्या हाती देत नाही. बाबांनी मागितलीही नाही. जिन्याखालचा दिवा आठवडाभर लागलेला नाही.

वहिनी मला म्हणाली, "तू त्या माशाचं ऐकलंस म्हणून कळलं." मी म्हटलं, नाही ऐकलं. पंधरा दिवस नाही ऐकलं. पंधरा सकाळी, दर सकाळी एक पातेलं. हिशोब मी केला आहे, तिला सांगितला नाही.

३ मार्च, सोमवार

ठकीचा आकडा चार. डॉक्टर म्हणाल्या, थोडा वर आहे, रक्तात साडेतीनच्या आत हवा. स्रोत बंद झाला, आता उतरेल. तीन महिन्यांनी परत या. वहिनी तिथेच खुर्चीत बसली. दादाने दोनदा विचारलं – "चार म्हणजे चारच ना?"

डॉक्टर म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांचं तपासून घ्या.

५ मार्च, बुधवार

माझं, दादाचं, वहिनीचं झालं. बाबा म्हणाले, "मला काय धाड भरली आहे?" मी सांगून पाहिलं. नाही. वहिनीने फक्त ठकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, हिनेसुद्धा दिलं." दुपारी स्वतः चालत गेले.

दादाने पाहिलं. ठकीला परत उचललं नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी पाणीबदल, खालच्या नळाचं. सोंड्या आठ. उरलेला उलटा, उलटाच.

आमच्या तिघांचे आकडे ठीक. प्रयोगशाळेत अर्ज दिला: शाळा आणि दवाखान्यातले नमुने नळ न सोडता घ्यावेत. मोठ्या बाई म्हणाल्या, "काम वाढवलंस." सही मात्र केली.

१२ मार्च, बुधवार

बाबांचा आकडा आला. एकेचाळीस.

डॉक्टर म्हणाल्या, हे टाकीचं नाही, कामाचं, वर्षानुवर्षांचं. दादाच गाडीने घेऊन गेला होता, मी मागे बसले होते. डॉक्टरांनी एकेक विचारलं. पोटात कळ येते? हात थरथरतो? झोप? क्षुल्लक गोष्टीवरून राग अनावर होतो, मग डोकं दुखतं? बाबा जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, कधीपासून?

दादा म्हणाला, "मला कळायला लागल्यापासून." आणि बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.