भोंग्याचा डावा कान

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.१०

भोंग्या डावा कान खाजवतोय. मान तिरकी. कानाला आंबूस वास. बायकोने चहा गाळता गाळताच फर्मान काढलं, प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. मला हसूच आलं. वीस वर्षं श्रवणयंत्रांचं दुकान चालवतोय. गावातले निम्मे कान माझ्या डोळ्यांखालून गेलेत. आणि घरच्या कुत्र्याचा कान घेऊन परक्याच्या दारात जाऊ? कान म्हणजे कान. माणसाचा काय, कुत्र्याचा काय.

कुत्रा मुलीचा. हॉस्टेलवर जाताना ती त्याला माझ्या ताब्यात देऊन गेली. आईच्या नव्हे, माझ्या. हे मी बायकोला दोनदा लक्षात आणून दिलं. पंधराला मुलगी येतेय. त्याच्या आत कान ठणठणीत करणार. तोही नैसर्गिक पद्धतीने.

संध्याकाळी ६

दुकानात बसून इंटरनेटवर चार तास अभ्यास. एक गिऱ्हाईक आलं होतं, ताटकळून गेलं. व्हिनेगर, लसूण, खोबरेल तेल, कोरफड. सगळं घरातच हजर! माणसं उगाच दवाखान्यात रांगा लावतात. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, आधी डॉक्टरांना विचारा. वकिलांच्या भीतीने लिहावं लागतं बिचाऱ्यांना.

४ तारीख, मंगळवार

व्हिनेगर. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर. कापसाचा बोळा भिजवून आत पिळला. भोंग्याने डोकं झटकलं. माझा चष्मा, भिंत, कॅलेंडर आणि बायकोने तपासायला आणलेल्या वह्या. सत्तावीस मुलांच्या निबंधांना आता सॅलडचा वास येतोय. बोळा कुठे उडाला कोण जाणे.

भोंग्या पलंगाखाली गेला, जेवायलाच बाहेर आला. औषध लागू पडल्याचं लक्षण. झोंबतं तेच काम करतं.

५ तारीख, बुधवार

दुकानातून कानात बघायची बॅटरी आणली. पुढे बारीक नळी, त्यात भिंग. एका डोळ्याने बघितलं. जरा लाल आहे, बाकी लख्ख. एका दिवसात! बायकोला बोलावून दाखवलं. तिचा प्रश्न, मग वास कुठून येतोय? तिला वासाचं फार.

७ तारीख, शुक्रवार

काल विश्रांती दिली. शरीराला स्वतःचं काम करायला वेळ द्यावा लागतो. शिवाय काल तो सापडला नाही.

आज लसूण. तेलात मंद आचेवर. शेजारच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, काही खास बेत का म्हणून. भोंग्या वॉशिंग मशीनच्या मागे होता. त्याला ओढताना माझी पाठ धरली. त्याने दात दाखवले. नुसते दाखवले, लावले नाहीत. आमच्यात एक समज आहे.

तेल सोफ्याला लागू नये म्हणून माझ्या जुन्या मोज्याचं टोक कापून त्याच्या डोक्यावर चढवलं. दिसतो छान. पाठीला बायकोने मलम लावून दिलं. मेडिकलचं होतं, पण पाठीची गोष्ट वेगळी.

८ तारीख, शनिवार

दुकानात निवृत्त बस ड्रायव्हर आले होते. त्यांच्याही कुत्र्याला तोच त्रास. मी वीस मिनिटं सगळी पद्धत समजावून सांगितली. इतक्या मनापासून ऐकणारा माणूस विरळा. प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. ते गेल्यावर लक्षात आलं, त्यांचं यंत्र दुरुस्तीसाठी माझ्याच हातात होतं.

९ तारीख, रविवार

भोंग्याची रीतसर श्रवणचाचणी घेतली. उजव्या बाजूने वाटीवर चमचा वाजवला. वळला. डाव्या बाजूने वाजवला. ढिम्म. पुन्हा वाजवला, जोरात. बायको आतून ओरडली, पण भोंग्या ढिम्मच. निष्कर्ष: त्याला चमच्याचा कंटाळा आलाय.

बॅटरीने बघितलं. लख्ख.

११ तारीख, मंगळवार. संध्याकाळी

मुलीचा फोन. रोज स्पीकरवर ती त्याला हाक मारते आणि हा असेल तिथून धावत येतो, भुंकून बिल्डिंग डोक्यावर घेतो. नाव काय उगाच भोंग्या ठेवलंय? आज फोन त्याच्या डाव्या बाजूला होता. तो उठलाच नाही. तिने तीनदा हाक मारली. मी सांगून टाकलं, लांब फिरून आलाय, दमलाय. फिरायला नेलंच नव्हतं. माझ्याबरोबर तो हल्ली जिन्यापर्यंतही येत नाही.

फोन ठेवल्यावर त्याच्या वाटीत एक जास्तीचं बिस्किट टाकलं. दमलेल्याला लागतं.

१२ तारीख, बुधवार

कोरफड! आधीच नाव काढायला हवं होतं. थंड असते. गर काढून बाटलीत भरला, कानात पिळला. पूर्वी बाटली उघडली की भोंग्या पळायचा. आता मी खोलीत आलो की पळतो. चपळाई वाढली आहे. आजारी कुत्रा असा पळतो का?

बायकोने शेवटचं सांगितलं. मुलीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी मध्ये पडणार नाही. पडू नकोस म्हटलं. यशाच्या वेळी मध्ये पडायला बघशील.

१४ तारीख, शुक्रवार

कडक बिस्किटं खात नाही. बायकोच्या मते चावताना कान दुखतो. माझ्या मते पथ्य पाळतोय. बॅटरीने बघू दिलं नाही. हरकत नाही. दोनदा बघितलंय, लख्खच आहे. नैसर्गिक उपायांना दोन आठवडे लागतात असं एका पानावर होतं. आजच शोधून काढलं.

१५ तारीख, शनिवार

मुलगी सकाळी आली. दारातूनच हाक मारली. भोंग्या खिडकीकडे तोंड करून बसला होता. वळला नाही. तिने पुन्हा हाक मारली. मी म्हटलं, रुसलाय, इतके दिवस कुठे होतीस म्हणून.

ती बॅग टाकून त्याच्यासमोर जमिनीवर बसली. ती दिसली तसा तो कुं कुं करत तिच्या मांडीत शिरला आणि डावा कान तिच्या हातावर टेकवून पडून राहिला. मला हातभर अंतरावरूनही दाखवत नव्हता तो कान. तिने वास घेतला. मोजा काढला. डॉक्टरची वेळ आईला विचारली.  मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

१६ तारीख, रविवार. दुपारी

काल संध्याकाळी दवाखाना. डॉक्टर तरुण बाई. मी ओळख करून दिली, आपला दोघांचा धंदा साधारण एकच म्हणून. बॅटरीने बघितलेलंही सांगितलं.

तिने कागदावर काढून दाखवलं. कुत्र्याच्या कानाची नळी माणसासारखी नसते. आधी खाली उतरते, मग कोपरासारखी आत वळते. मी बघत होतो ते वळणापर्यंतचं. म्हणे, काका, तुम्ही दोन आठवडे व्हरांडा बघून घर स्वच्छ म्हणत होता. वीस वर्षं कानांत बघतोय, हे वळण मला कुणी सांगितलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

भोंग्याला भूल देऊन कान साफ केला. काय काय निघालं ते डॉक्टरने ट्रेमध्ये मांडून दाखवलं. बायको एकेक ओळखत होती. हा कापूस मंगळवारचा. ही लसूण शुक्रवारची. हा चिकट गर बुधवारचा. आत सगळं सुजलं होतं. पडदा मात्र शाबूत आहे. सूज उतरली की ऐकू येईल, असं डॉक्टर म्हणाली, तेव्हा मुलगी रडली. मलाही आवरेना. मी त्याला छळत होतो. बरं करतोय असं लिहीत होतो आणि छळत होतो.

तासाभराने डॉक्टरने त्याला स्वतः चालवत बाहेर आणलं. बाहेर चार-पाच कुत्री बसलेली. डॉक्टर दिसताच एकेक जण आपापल्या मालकाच्या पायांमागे लपलं. मी खाली बसलो, दोन्ही हात पुढे केले आणि त्याच्या उजव्या बाजूने म्हटलं, चल रे घरी.

भोंग्याने माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरच्या पायांमागे जाऊन लपला.

मुलगी त्याला घ्यायला गेली. मी गाडी काढायला गेलो.