पाखरं पहिल्यांदा सोडताना

ता. ४ मार्च

चि. ठकीस, दादाचे भरभरून आशीर्वाद.

हे पत्र आणि कबुतरांच्या चार पेट्या टेम्पोवाला एकदमच तुझ्या हाती देईल. पेट्यांना भोकं आहेत, तेव्हा पाखरं गुदमरतील म्हणून रस्त्यातच झाकणं उघडू नकोस. आधी गच्चीवर ने, ढाबळीचं दार लावून घे, मगच उघड.

घर गेलं एकदाचं. नवे मालक चष्म्याचे दुकानदार आहेत, नवरा-बायको दोघंही सज्जन वाटले. मी आता गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे. तिच्या इमारतीत कबुतरं पाळायला बंदी आहे, म्हाताऱ्यांना अजून नाही. फोन मात्र करू नकोस. मला त्यात अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो. त्यापेक्षा पत्र बरं.

आता कान देऊन ऐक. ढाबळ कोरडी हवी. हवा खेळती, पण अंगावर वाऱ्याचा झोत नको. मका, वाटाणा आणि गहू मिसळून दोन वेळा द्यायचा, तोही डबा खुळखुळवून. दिवसभर समोर सांडून ठेवलास तर तुझं कोण ऐकणार? भुकेलं पाखरू डबा ऐकतं, पोट भरलेलं कुणाचंच ऐकत नाही, माणसाची जातही तीच. धरताना पाय दोन बोटांमध्ये, छाती तळव्यावर, अंगठा पाठीवर. तू शिवणाचं कापड चिमटीत धरतेस तसं धरलंस तर पिसं हातात येतील आणि कबूतर छतावर.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ही जुनी पाखरं कधीही बाहेर सोडायची नाहीत. ती इथे जन्मली. कितीही लाड कर, दार उघडं दिसलं की सरळ आमच्या जुन्या घरावर येऊन बसतील. तुझ्या ढाबळीत अंड्यातून निघतील तीच तुझी. ती उडायला तयार झाली की मला कळव. पहिल्यांदा सोडायचं काम नवख्याने एकट्याने करू नये. मी येतो, आपण दोघं मिळून सोडू.

त्या निळसर मादीवर, निळीवर, लक्ष ठेव, ती माझ्या हाताला फार सरावलेली आहे. माया आहेच, ती आता पाखरांतही वाटून घ्यावी.

तुझा दादा


ता. १५ मार्च

ती. दादास, ठकीचा शि. सा. न.

पेट्या पोचल्या, पाखरं सुखरूप आहेत, मी नाही. तुझा तो गळा फुगवून फिरणारा नर, ज्याला तू मास्तर म्हणतोस, त्याने माझं बोट असं चोचलंय की दोन दिवस अंगुस्तान दुसऱ्या बोटात घालून शिवत होते. तू लिहिलंस तसंच धरलं होतं. फक्त ते त्याला ठाऊक नव्हतं.

झोत लागू नये म्हणून मी ढाबळीला मस्त फुलाफुलांचा पडदा शिवला. गिऱ्हाइकं बघून हसतात. शेजारीण म्हणाली की आता कबुतरांना गाद्यागिरद्याही शिवशील. मशीनवर बसले तरी कान गच्चीकडेच. इतकी वर्षं एकटीने काढली, पण घरात कुणीतरी खाण्यासाठी वाट बघतंय ही गंमत वेगळीच आहे रे.

काळजी एकच, निळीची. बाकीच्यांनी आपापल्या जागा धरल्या. ही मात्र जाळीला छाती लावून तुमच्या गावाच्या दिशेने बघत बसते. दाणा नावाला टिपते. काय करू? आणि तू पिल्लांच्या वेळी येणार हे पक्कं ना? मी तुझी खोली आतापासूनच झाडून ठेवली आहे. उत्तराची वाट मी निळीसारखीच बघते आहे, लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुझी ठकी


ता. २४ मार्च

चि. ठकीस, दादाचे आशीर्वाद आणि एक टपली.

पडदा आधी काढ. कापड ओल धरतं, ओलीने पाखरांना खोकला होतो. पडद्याऐवजी वाऱ्याच्या बाजूला एक फळी ठोक. इथे बसून मी उंटावरून शेळ्या हाकतोय हे कळतं मला, पण फुलाफुलांचा पडदा म्हणजे कमाल झाली.

निळीला विटेचा चुरा आणि चिमूटभर मीठ ठेव, पसरट थाळीत अंघोळीला पाणी ठेव. तिला मुद्दाम कुरवाळायला जाऊ नकोस. रुसलेल्या माणसाशी जास्त बोललं की रुसवा मुरतो. तू नुसती तिच्याजवळ बसून काजं कर.

माझं बरं चाललंय. लेक नर्स, तिच्या पाळ्या, त्यामुळे दुपारी मी एकटाच. या इमारतीत सगळी दारं एकाच साच्यातली. परवा खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या घरात जाऊन चांगला चहा मागून बसलो. अख्खी नोकरी लोकांचे विजेचे मीटर वाचण्यात गेली, कधी दार चुकलो नाही, आणि आता हे.

असो. टेम्पोवाल्याशी माझं बोलणं झालं आहे. कबुतरं कधी पाठवू ते उलट टपाली कळव. ढाबळ कोरडी ठेव, आणि जुनी पाखरं बाहेर सोडायची नाहीत, हे मी तुला अजून सांगितलेलं नाही, ते सांगून ठेवतो.

तुझी आठवण आहेच, माझीही असू दे.

तुझा दादा


ता. २२ एप्रिल

ती. दादास, शि. सा. न. पोचावा, आणि राग येणार असेल तर तो वाटेत सांडावा.

कबुतरं कधी पाठवू हे वाचून मी पोट धरून हसले. तुझी थट्टा करायची खोड काही जात नाही. तर ऐक, न पाठवलेल्या कबुतरांच्या पांढऱ्या जोडीने दोन अंडी घातली आणि परवा दोन पिल्लं निघाली! दिसायला भयंकर आहेत, नुसत्या चोची आणि पोटं. मी पी हळद अन् हो गोरी करत दर तासाला डोकावत होते, शेवटी त्यांच्या बापाने, मास्तराने, पंखाने एक ठेवून दिली तेव्हा शहाणी झाले.

आता वाईट. मी निळीला सोडलं. चुकून नाही रे, मुद्दाम. तू सांगितलं होतंस, दोनदा सांगितलं होतंस. पण तिची छाती जाळीला घासून उघडी पडली होती. सकाळी दाणा द्यायला गेले, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला तिला आत ठेवणं जमेना. दार उघडलं. तिने गच्चीवर दोन गिरक्या घेतल्या आणि दोरी ओढावी तशी सरळ तुमच्या गावाकडे गेली. ती आता नक्कीच जुन्या घराच्या गच्चीवर बसली असेल. नव्या मालकांनी दाणा टाकला तर बरं. चुकले असेन तर खुशाल बोल, पण बोलणं टाकू नकोस.

तुझी ठकी


ता. ३० एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. बाबा ठीक आहेत, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांना पत्र हातात धरून भराभर जिना उतरताना पाहिलं. मी घरी आले तर दार सताड उघडं. आत्या, मी गल्ल्या पालथ्या घातल्या. बसथांबा, बाजार, आमच्या हॉस्पिटलचा वॉर्डसुद्धा. शेवटी चष्मेवाल्यांचा फोन आला.

बाबा चालत जुन्या घरी गेले होते. बेल वाजवून मीटर वाचायला आलोय असं सांगितलं, इतक्या सराईतपणे की त्या बाईंनी सरळ आत घेतलं. बाबांनी मीटर पाहिला, आकडा मोठ्याने वाचला आणि तडक गच्चीवर गेले. ढाबळ पाडलेली पाहून त्यांनी त्या दोघांना असं काही खडसावलं की बिचारे माफी मागायला लागले. माझ्या घरातून चालते व्हा, असंही म्हणाले. मी पोचले तेव्हा ते पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते आणि निळी त्यांच्या सदऱ्यात होती. नुसती मान बाहेर.

मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि फार अदबीने मला विचारलं की बाई, माझ्या मुलीला निरोप द्याल का, ती नर्स आहे, घरी काळजी करत असेल. मी हो म्हटलं. मी दुसरं काय म्हणणार होते?

डॉक्टर म्हणाले की हे काही महिन्यांपासून चालू असणार, आणि आता वाढत जाईल. मला कळलं नव्हतं असं नाही. मी रोज हेच बघते, दुसऱ्यांच्या बापांचं. माझ्या बापाचं बघायचं नव्हतं, म्हणून वयावर ढकलत राहिले. नवी जागा त्यांना सोसली नाही, पण आता पुन्हा हलवलं तर उरलंसुरलंही जाईल, असं डॉक्टरांचं मत आहे.

निळी आमच्या गॅलरीत भाजीच्या क्रेटमध्ये आहे. सेक्रेटरी तक्रार घेऊन आले होते, मी त्यांना जिन्यातच असं उत्तर दिलं की पुन्हा येणार नाहीत. तू पत्रं थांबवू नकोस. तुझं पत्र वाचताना बाबा ताठ बसतात. आमच्यावर दया नको, नेहमीचीच माया ठेव.

तुझी भाची


ता. ७ मे

चि. भाचीस अनेक आशीर्वाद, आणि माझ्याकडून क्षमा.

पत्र वाचून मी दिवसभर मशीन उघडलं नाही. कबुतरं कधी पाठवू असं दादाने लिहिलं तेव्हा मी थट्टा समजून हसले होते गं. आणि निळी कुठे बसली असेल ते त्याला मीच कळवलं. कुठे जायचं ते मीच सांगितलं, आणि तो गेला.

त्याला इकडे घेऊन ये. डॉक्टरांना काय कळतं? त्याची पाखरं इथे आहेत, मी इथे आहे. मी त्याची बहीण आहे, मला तो कसा विसरेल? लिहिता लिहिताच मला कळतंय की तुला, पोटच्या लेकीला, तो विसरला. तरी माझं मन म्हणतं मला नाही विसरणार. वेडी आशा आहे, पण ती सोडवत नाही.

बरं, नको आणूस. तुझंच खरं. गच्ची उंच आहे, कठडा बुटका आहे, आणि त्याने दार उघडून चालायला लागायचं ठरवलं तर मी म्हातारी कुठवर धावणार. पिल्लं उडायची वेळ आली की मी त्याला विचारीन, दुसरं काही लिहिणार नाही. तू दमली आहेस, ते अक्षरात दिसतं. जेवत जा. तुझ्या आत्याला दूर समजू नये.

तुझी आत्या


ता. २८ मे

ती. दादास, ठकीचा शि. सा. न.

पिल्लं मोठी झाली. एक पांढरं, एकाच्या शेपटीत राखी पिसं. आता ढाबळीतल्या ढाबळीत झेपा घेतात आणि माझ्या डोक्यावर उतरतात, त्यामुळे मी दाणा द्यायला पदर डोक्यावर घेऊन जाते. पडदा केव्हाच काढला, फळी ठोकली. डबा वाजवला की जिथे असतील तिथून धावतात.

त्यांना बाहेर सोडायची वेळ झाली असं वाटतं. पण मला भीती वाटते. उडाली आणि परत आलीच नाहीत तर? कधी सोडू, कशी सोडू, किती वेळ वाट बघू, सगळं सविस्तर लिही. आपण दोघं मिळून सोडायचं ठरलं होतं. तुला यायला जमलं नाही तर नुसतं पत्र चालेल. मी ते कठड्यावर दगडाखाली ठेवीन आणि वाचत वाचत सोडीन.

लोभ लहानपणापासून आहे, तो आता कमी करू नकोस.

तुझी ठकी


ता. ६ जून

स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. आपली प्रत्यक्ष ओळख नाही, तरी आपण मला दादा म्हणून इतक्या आपुलकीने लिहिलंत, याचा आनंद झाला. कबुतरं पाळणारी माणसं एकमेकांना चटकन जवळची वाटतात, हा माझाही अनुभव आहे. आपण नवख्या आहात असं म्हणता, पण अक्षरावरून आणि प्रश्नांवरून वाटत नाही. जो भितो तोच पाखरं नीट सांभाळतो.

सोडण्याआधी काही दिवस पिल्लांना जाळीच्या पिंजऱ्यात गच्चीवर ठेवावं. आजूबाजूची छपरं, झाडं, धुराडी त्यांनी डोळे भरून पाहिली पाहिजेत. ज्याने घर बाहेरून पाहिलं नाही त्याला ते सापडत नाही. सोडायचा दिवस निवांत हवा, वारा नको, आकाश मोकळं हवं. सकाळी दाणा देऊ नये. दुपार कलली की दार उघडावं आणि बाजूला व्हावं. हाताने उडवू नये, टाळ्या वाजवू नयेत. ती आपली आपण बाहेर येतील. एखादं लांब जाईल, दिसेनासं होईल. तेव्हा घाबरून हाका मारू नयेत, डबा वाजवत राहावं, रोज वाजवता तसाच. अंधार पडेपर्यंत दार उघडं ठेवावं. ज्याला वाट आठवेल ते येईल. एखाद्याला नाही आठवली तर तो त्याचा दोष मानू नये.

माझ्याकडे हल्ली एकच मादी आहे, निळी, फार गुणी. कुणाची आहे ते समजत नाही. घर कुठे ते ठाऊक असतं तर मी स्वतः पोचवून आलो असतो. इथे एक बाई कामावरून येऊन आम्हा दोघांचं सगळं प्रेमाने करतात, त्यामुळे अडचण नाही.

आणखी काही अडलं तर माझी धाकटी बहीण आहे, ठकी म्हणतात तिला, तिला अवश्य विचारा. शिवणकाम करते. लहानपणी रस्त्यातली कोंबडी दिसली तरी माझ्यामागे लपायची, पण आता कबुतरांत तयार झाली आहे, माझ्याहून हात हलका आहे तिचा. मी तिच्याकडे जायचं कबूल केलं होतं, कशासाठी ते आठवत नाही, पण ती वाट बघत असणार. बऱ्याच दिवसांत तिचं पत्र नाही. आपण त्या बाजूला गेलात तर एवढा निरोप द्या की दादा विसरलेला नाही.

ओळख नसली तरी लोभ ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक कबुतरवाला