पॅलेटचा भोपळा

५ ऑक्टोबर, शनिवार. अजमान.
निर्णय झाला. यंदा हॅलोविनचं डेकोरेशन घरीच करणार, लाकडाचं. गेल्या वर्षी बिल्डिंगमधली पोरं चॉकलेट मागायला प्रत्येक सजवलेल्या दाराशी थांबली, आमच्या दारावरून सरळ पुढे गेली. शुभ्रा चॉकलेटचा बाउल धरून आत उभी. रडली नाही, बाउल तसाच ठेवून झोपली. पोरीचा तो चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. यंदा पोरांनी आमची बेल वाजवलीच पाहिजे.
बायको मृणालिनी म्हणाली, विकत आण ना. म्हटलं, मग हे दोन हात कशाला आहेत?

७ ऑक्टोबर
उम्म अल कुवैनला आमच्या वेअरहाउसमागे माल रचायच्या तुटक्या लाकडी पॅलेट पडलेल्या असतात. उचलल्या. मी परचेस मॅनेजर, लाकूड बघितलं की कळतं. गाडीत कोंबताना सीट फाटली. सीट जुनीच होती.

१२ ऑक्टोबर
फळ्यांतून हॅलोविनचा भुताळी भोपळा कापायला घेतला. शुभ्राने वर्गात सांगून टाकलंय, माय बाबा इज मेकिंग द स्केअरिएस्ट डोअर. याला म्हणतात विश्वास.
फळीत जागोजागी खिळे, त्यामुळे गोल जमला नाही. वर निमुळता, खाली बसका. मॉडर्न दिसतो.

१९ ऑक्टोबर
तोंड कोरताना सगळे दात तुटले. पुट्टी भरून तोंडच बुजवलं. बिनतोंडाचा भोपळा जास्त भयानक. डोळे म्हणून स्टीलच्या दोन छोट्या वाट्या उलट्या ठोकल्या. काय चमकतात.
मृणालिनी मसाल्याचा डबा उघडून बराच वेळ काहीतरी शोधत होती. मी विषय काढला नाही.

२६ ऑक्टोबर
रंग दिला. झळझळीत केशरी. अख्खा डबा थापला, उरवून काय करायचा?
मृणालिनी बघतच राहिली. मग म्हणाली, अरे, हा नक्की भोपळाच ना? आणि गुपचूप चपलांचं रॅक दारापासून लांब सरकवलं. कलेची कदर आहे तिला, बोलून दाखवत नाही एवढंच.

२८ ऑक्टोबर
दाराबाहेर उभा केला. खालच्या मजल्यावरच्या प्रभावतीकाकू लिफ्टमधून बाहेर आल्या, भोपळ्याला बघून थबकल्या आणि दोन्ही हात जोडले. घाबरल्या बिचाऱ्या. शुभ्राला सांगितलं, बघ, काम झालं. ती म्हणाली, बाबा, शी वॉज स्मायलिंग.
भीतीनेही माणूस हसतो.

३० ऑक्टोबर
सकाळी भोपळ्यापुढे जास्वंदीचं फूल. थडग्यावर ठेवतात, त्यातलाच प्रकार. लोकांपर्यंत कन्सेप्ट पोचतेय. संध्याकाळी नारळ. हा काही कळला नाही. मृणालिनी म्हणते थोडा वाटायला हवा. का? आपल्या दारात मिळाला, आपला. चटणी चांगली झाली.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
यंदा दिवाळी आणि हॅलोविन एकाच दिवशी. दुपारी वॉचमन फहद आला. म्हणाला, सर, मंदिर अंदर रखिए, कॉरिडॉर में अलाउड नहीं. म्हटलं, हबीबी, ये भूत है. त्याने भोपळ्याकडे बघितलं, भोपळ्याच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं आणि म्हणाला, सर, प्लीज. कुंकू कोणी लावलं कुणास ठाऊक. खलास. भोपळा हॉलमध्ये, टीव्हीशेजारी.
संध्याकाळी बेल वाजली. वाजतच राहिली. दर वेळी शुभ्रा बाउल घेऊन धावली, दर वेळी दारात कुठली तरी काकू. हातात फराळाचं ताट, आत येऊन दर्शन. शुभ्राने दिलेलं चॉकलेट कपाळाला लावून खात होत्या. पोरं शेवटी आली तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत आरती. सॉरी आंटी म्हणून पुढे गेली.
शुभ्रा बाउल तसाच ठेवून झोपली. मी तिला समजावलं, भीती हळूहळू चढत असते. तिने पांघरूण डोक्यावरून ओढलं. मला फार वाईट वाटलं. चूक फहदची.

२ नोव्हेंबर
भोपळा मोडायला हातोडी घेतली. मृणालिनीने काढून घेतली. लोक ज्याच्या पाया पडले ते मोडायचं नाही, म्हणाली. समुद्रात सोडतो म्हटलं. ती म्हणाली, दंड होईल, शिवाय लाकूड आहे, तरंगत परत येईल.
यात तथ्य आहे.

४ नोव्हेंबर, सोमवार
शुभ्राची मॅथ्सची टेस्ट. सकाळी स्कूलबसच्या आधी बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचा सिद्धांत आणि मागे बिल्डिंगमधली तिच्या वर्गातली पोरं. शूज काढून ओळीने आत आली आणि भोपळ्यासमोर डोळे मिटून उभी राहिली. याच्याने मार्क्स मिळतात असं शुभ्राने बसमध्ये पसरवलंय म्हणे.
शुभ्रा एकेकाला चॉकलेट देत होती. इतकी खूश मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती. ऊर भरून आला. केलं कोणी हे सगळं? मी.
तेवढ्यात सिद्धांतनेच विचारलं, हू मेड इट? मी शर्ट नीट करून पुढे झालो.
शुभ्रा म्हणाली, नोबडी. इट केम बाय इटसेल्फ. इन अवर व्हिलेज. व्हेरी ओल्ड.
पोरांनी परत एकदा हात जोडले.
मी दोन पावलं मागे आलो. आज ऑफिसात माझं अप्रेझल आहे. पोरं गेल्यावर दार लावून घेतलं, मोजे काढले आणि मीही डोळे मिटून उभा राहिलो.