उजवा कौल

लोणी काळभोर, ६ ऑगस्ट १९९६

चि. सौ. शकूस सोजरआक्काचे अनेक आशीर्वाद.

केमोच्या चार डोसांनी तुझ्या छातीतली लिंबाएवढी गाठ हाताला लागेनाशी झाली, हे वाचलं आणि तशीच उठून भैरवनाथाला फुलांचा कौल लावला. शकूची गाठ गेली का, विचारलं. उजवं फूल पडलं. देवच गेली म्हणतो, तर आता अंग कापून घ्यायचं कशाला? उद्या हळदीकुंकवाला चारचौघींत कशी बसशील? हिंदुरावांनाही पटलंय म्हणे. ऑपरेशन रद्द केल्याचं कळव.

तुझी,
सोजरआक्का

वारजे, १० ऑगस्ट १९९६

ती. सोजरआक्कास शि. सा. न. वि. वि.

ह्यांना पटलंय, कारण गाठ ह्यांना नाही. फॉर्मवर मी माझी सही केली.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गाठ कातडीला चिकटलीय, काखेतही उतरलीय, लगेच कापता येणार नाही. आधी औषधाने आकसवायची, मग काढायची, मग उरलेले डोस. दिसेनाशी झाली म्हणून मळ्यातली हरळी खणायची सोडतेस का तू?

कौल खोटा कसा म्हणू? पण तू विचारलंस, गेली का. परत येईल का, हे कुठे विचारलंस? तेवढं विचारायला मी परवा इथल्या देवळात गेले आणि फूल न लावताच परतले. परत येणार नाही, असं देव म्हणाला असता तरी मी ऐकणार नव्हते. मग त्याला कशाला अडचणीत टाकू?

आणि हळदीकुंकू कपाळाला लावतात, आक्का.

केस सगळे गेले. आरशात आपले सोनबाकाका दिसतात, मिशा तेवढ्या नाहीत. ऑपरेशन मंगळवारी, वीस तारखेला. यायचं तर रडणं तिकडेच उरकून ये. लोभ आहेच, भांडणाने तो कमी व्हायचा नाही.

तुझी,
शकू

लोणी काळभोर, ५ सप्टेंबर १९९६

चि. सौ. शकूस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोहोचले. काढलेल्या भागात रोग अजून शिल्लक होता, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. एखादा टोमणा मारला असतास तर बरं वाटलं असतं.

इथे बायका चौकशीला आल्या. मी काही न झाकता सगळं सांगितलं. त्या गेल्यावर माझी जाऊ सरुबाई मागे थांबली. दार लोटलं आणि माझा हात धरून पदराखाली नेला. आठ महिने लपवलंय बाईने. शुक्रवार धरलेत, जाईल म्हणते.

तिच्या नवऱ्याला अजून ठाऊक नाही. संध्याकाळी मीच सांगणार आहे. सोमवारी पहिल्या बसने दोघी येतो. तुझ्या डॉक्टरांच्या कानावर घाल. माया असू दे. आता दोघींवर असू दे.

सोजरआक्का