पुलावर शहीद झालेल्या मामांस

ती. दत्ताराममामांस मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातून पिंटूचा साष्टांग नमस्कार. (पन्नाशी उलटली तरी घरात हेच नाव चालतं.) डोळा काय म्हणतोय? गुडघे? मामींचं लोणचं पोचलं, संपलंही. फोन न करता लिहितोय, कारण बिल्डरने भिंती पातळ दिल्यात आणि पलीकडे सोसायटीच्या सेक्रेटरी हंसाबेन राहतात. पत्राचा फोटो तुमच्या सूनबाईच्या, स्वातीच्या, मोबाइलवर पाठवतो. ती वाचून दाखवेल. बसून ऐका. मला मात्र बसवत नाहीये. दोन ओळी लिहितो, गॅलरीत जाऊन येतो.

मामा, तुम्ही वारलात.

देवरुखला तुमच्याकडे तो दिग्दर्शक राहिला होता ना, मामींचे घावणे खात एकाहत्तरच्या लढाईची हकिकत उतरवून घेणारा, त्याचा सिनेमा आला. मीच हौसेने अख्खी सोसायटी घेऊन गेलो. तुम्ही रेशनचा ट्रक चालवायचात आणि परतताना दोन जखमी जवान घालून तो पुलावरून अलीकडे आणलात, एवढंच तुम्ही सांगितलं होतं. सिनेमात ट्रकच नाही. पडद्यावरचे तुम्ही (ऐन थंडीत अंगात शर्ट नाही, छातीवर एक केस नाही) पोटाला सुरुंग बांधून पुलासकट उडालात, तेही गाणं पुरं करून. पूल अजून उभा आहे असं तुम्हीच सांगता. रणगाडा तर आमच्याकडे मेट्रोच्या कामावर असतो त्या जेसीबीचा सख्खा भाऊ. मी चुका काढतोय आणि शेजारी तुमची भाचेसून निशिगंधा हुंदके देतेय. सकाळीच तुमच्याशी फोनवर बोललेली बाई!

दिवे लागल्यावर हंसाबेननी माझा हात धरला. मी स्पष्ट म्हणालो, मामा जिवंत आहेत. त्यांनी डोळे पुसले. "सही बात छे, पिंटूभाई. असा माणूस मरतोच नाय." पुढे ज्याला ज्याला सांगितलं त्याने हेच ऐकवलं. आता आमच्या गेटसमोरच्या चौकाला तुमचं नाव देतायत. बोर्डावर नगरसेवकांचा फोटो दरवाजाएवढा, तुमचा पाकिटाएवढा, तोही त्या नटाचा, वर हार. चौकाला जिवंत माणसाचं नाव चालत नाही म्हणे. उद्घाटन रविवारी, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तुम्ही आमच्याकडे उतरणार तेही रविवारी, त्याच गेटात. मी पुन्हा हंसाबेनकडे गेलो. म्हणाल्या, "बोर्ड तय्यार झाला ना. आता मामाला जिवंत कसा करायचा?"

मामींना नमस्कार (त्यांना विधवा केल्याबद्दल माझ्यातर्फे क्षमाही मागा).

तुमचा भाचा,
पिंटू

ता. क. विनंती एवढीच, सोमवारी या. डोळा एक दिवस थांबेल, नगरसेवक थांबायचे नाहीत.

ता. क. दुसरा. रविवारीच यायचं असेल तर स्वतःचे धाकटे भाऊ म्हणून या. तोंडावरून कोणी ओळखणार नाही. नाव विचारलं तर खोकला काढा.

ता. क. तिसरा. आत्ताच हंसाबेन येऊन गेल्या. शहिदाच्या धाकट्या भावाचा देवरुखहून फोन आला होता म्हणे. म्हणजे हंसाबेननी व्हॉट्सॲपवर फिरवलेलं उद्घाटनाचं निमंत्रण स्वातीपर्यंत पोचलं तर, आणि मी सुचवायच्या आधीच तुम्ही भाऊ झालात! मरण कबूल केलंत, पूलही उडू दिलात. बोर्डावर फक्त एक ओळ मागितलीत, की उडण्याआधी त्या पुलावरून एक ट्रक गेला, त्यात दोन जखमी होते, दोघंही वाचले. हंसाबेन जागा नाही म्हणत होत्या. मी म्हटलं, नगरसेवकांना थोडं बारीक करा. मग म्हणाल्या, पण हे पिक्चरमध्ये कुठे होतं? मी सांगितलं, "हंसाबेन, तुम्ही समोसे आणायला गेला होतात तेव्हा."

पटलं त्यांना. ओळ येतेय. रविवारीच या.