ताऱ्याआधीची मोकळी जागा

प्रिय खारू,

मी फोन घेत नाही म्हणून धुमसत असशील. त्याचं कारण सांगते, पण आधी माझा पराक्रम ऐक. माझी सगळी भाषणं गेली. आपल्या गल्लीतलं वाचनालय पाडून तिथे वाहनतळ करायचा घाट घातलाय ना, त्यावर रविवारी सभा आहे. तिथलं भाषणही त्यातच गेलं.

झालं असं की जुने मसुदे पुसायला बसले. तू शिकवलंस तसं संगणकाच्या काळ्या पडद्यावर पुसायचा हुकूम, आरएम, लिहिला, मग ‘जुने’, मग ताऱ्याची खूण. म्हणजे ‘जुने’ने सुरू होणारं सगळं पूस. पण मला दोन शब्दांमध्ये श्वास घ्यायची सवय! ताऱ्याआधी मोकळी जागा सोडली, आणि त्या एकट्या ताऱ्याचा अर्थ झाला, समोर दिसेल ते सगळं पूस. ‘जुने’ नावाची फाइल इथे नाही, एवढीच त्याने कुरकुर केली. बाकीचं मुकाट्याने उरकलं. इतका आज्ञाधारक कार्यकर्ता जन्मात मिळाला नव्हता, मिळाला तो असा. नकला काढून ठेव म्हणून तू बजावलं होतंस. आता बोलू नकोस.

तरी त्या पडद्यावर माझा जीव आहे. आठवतं? तिथला एक हुकूम ग्रेप, तो फक्त शोधतो. एक सॉर्ट, तो फक्त क्रम लावतो. मधे एक उभी रेघ, तिच्यातून एकाचं काम दुसऱ्याच्या हाती जातं. कुणीच एकटा थोर नाही, आणि कुणावाचून भागतही नाही. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, अगं, ही तर संघटना! तू मान वर न करता म्हणालीस, “आई, त्याला पाइप म्हणतात.” मग त्याच ग्रेपने ‘इतिहास क्षमा करणार नाही’ हे वाक्य माझ्या प्रत्येक भाषणात शोधून दाखवलंस आणि हसून हसून खुर्चीतून घसरलीस.

भाषण मी पुन्हा लिहिलंय, सोबत जोडलंय. पण ते करायला आवाज नाही. स्वरतंतूवर गाठ होती, मंगळवारी काढली. साधीच निघाली, घाबरू नकोस. महिनाभर कुजबुजही बंद. तुझे बाबा म्हणतात, लग्नानंतर पहिल्यांदाच वाक्य पूर्ण करायला मिळतंय. तुला कळवू नका, हे मीच त्यांना पाटीवर लिहून दटावलं. आता मात्र तू ये. रविवारी माझ्या जागी तू उभी राहा. चार माणसांत तुझी जीभ टाळ्याला चिकटते, मला ठाऊक आहे. माझी पानं नको वाटली तर फाडून टाक. संगणकाचं पहिलं पुस्तक तू त्या वाचनालयाच्या फरशीवर बसून वाचलंस, संध्याकाळी कुलूप लावायची वेळ झाली तरी उठेनास. तेवढंच सांग. ते माझ्या भाषणात नाही, कारण ते माझ्या तोंडी शोभणार नाही.

तुझीच, सक्तीने मुकी,
आई